पाण्याच्या पुढे अकरा किलोमीटर

आमच्या कॉलनीत सकाळी पळणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात मी सगळ्यात मागे असतो. फोटो काढायचं काम माझ्याकडे असल्यामुळे ही गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नाही. गेल्या दुष्काळात, मार्च महिन्यात मी आठ दिवस बीड जिल्ह्यात सासुरवाडीला जाऊन पळून आलो. तेव्हापासून गटातले लोक विचारतात, तिथला रस्ता कसा आहे, चढ किती, कुत्री आहेत का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कुत्र्यांचं आधीच सांगतो. आहेत, पण त्यांना पळणाऱ्या माणसात काही रस नाही. तिथे रस माणसांना असतो.

जाण्याचं कारण डॉक्टर. रिपोर्ट बघून त्यांनी ‘वजन’ हा शब्द दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा बायकोकडे बघितलं, माझ्याकडे नाही. त्याच संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाचा, दिगंबरचा, फोन आला. बहिणीने सगळं आधीच सांगितलेलं असावं.

"दाजी, पुण्यात पळायला कावून पैसे भरता? आमच्याकडं या. तळं हाय, कॅनॉल हाय. सरळ अकरा किलोमीटर, एक गाडी आडवी येणार न्हाई."

सोबत त्याने तळ्याचा फोटो पाठवला. निळंशार पाणी, काठाला हिरवळ, दोन बगळे. मी तो गटावर टाकला. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले.

फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे हे मला परळीच्या स्टेशनवर उतरल्यावर कळलं.

सोमवार: परळीपासून पुढे

परळी वैजनाथला दिगंबर मोटारसायकल घेऊन आला होता. गावाबाहेर पडताना रस्त्याकडेच्या झाडांची पानं राखाडी दिसली. मी हळहळून म्हणालो, "काय रे हा दुष्काळ!"

"न्हाई दाजी, ही औष्णिक केंद्राची राख हाय," तो म्हणाला. "दुष्काळ पुढं हाय."

अंबाजोगाईच्या वाटेला लागलो आणि तो आला. शेतं कापून ठेवल्यासारखी मोकळी, कडब्याच्या गंज्या तेवढ्या उभ्या. एका टेकडीवर त्याने गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. मोठ्या परातीच्या तळाशी उरलेल्या कढीइतकं पाणी होतं.

"फोटोत वेगळं दिसत होतं," मी म्हणालो.

"तळं तेच हाय की. पाणी तेवढं न्हाई."

घरी पोचल्यावर दिगंबरच्या बायकोने, म्हणजे शांतावहिनींनी, माझे नवे बूट उचलून उलटसुलट करून पाहिले. मी कशाला आलोय ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे घाम काढायचा, आन् मग त्यो धुवायला पाणी मागायचं. त्यापरीस बसा की निवांत."

गावात टँकर तीन दिवसांनी येत होता. मला रोज अर्धी बादली मंजूर झाली. जेवणात मात्र जावई म्हणून कसलीच काटछाट नव्हती. लसूण घालून केलेले शेंगोळे, लोण्याचा गोळा ठेवलेले धपाटे, आणि ‘पळायचंय तुमाला’ म्हणून वरून तूप. वजन कमी करायला गेलेला माणूस तिथून काय घेऊन परततो, ते डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार: भिंत

सुरुवात भिंतीवरून केली. तळ्याच्या बांधाला तिथे भिंत म्हणतात. लांबी सव्वा किलोमीटर, वर मुरमाचा सपाट रस्ता, एका बाजूला तळ्याचा खड्डा आणि दुसऱ्या बाजूला गाव. नवशिक्यासाठी उत्तम. अडचण एवढीच की भिंत उंच असल्यामुळे पळणारा माणूस सगळ्या गावाला दिसतो.

मधोमध गेटची खोली आहे. तिथले चौकीदार रज्जाकभाई स्टुलावर बसलेले होते. मी धापा टाकत जवळ आलो तसे ते उठले आणि माझ्या मागे लांबवर बघू लागले.

"क्या हुआ दाजी, कौन पीछे लगा?"

कोणी नाही, असंच पळतोय, म्हटल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं. आमच्याकडे शर्यतीत केळं देतात, ते उपयोगाचं असतं. पण भर पळण्यात कुणी स्टूल देणं, यातला आदर वेगळा आहे. मी बसलो.

त्यांनी गेटच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, तिथे पाण्याखाली एक तांबडी रेघ आहे. पाणी त्या रेघेच्या थोडं वर होतं. रेघेखालचं पाणी पिण्याचं, त्याला हात लावायचा नाही. रेघेवरचं कॅनॉलला सोडायचं. "एक पाळी का पानी है," ते म्हणाले. "एकच. उसके बाद गेट बंद, और मैं भी घर." पाळी म्हणजे कॅनॉलला पाणी सोडण्याची खेप. एरवी हंगामात चार होतात.

बुधवार: तळ्याभोवती

फोनमधल्या नकाशावर तळ्याभोवतीचा फेरा नऊ किलोमीटरचा दिसत होता. पण तो नकाशा दिगंबरच्या फोटोइतकाच जुना. प्रत्यक्षात पाणी आत सरकलेलं, आणि मोकळ्या पडलेल्या गाळात लोकांनी टरबुजं आणि काकड्या लावलेल्या. याला तिकडे गाळपेर म्हणतात. भेगाळलेल्या काळ्या मातीत हिरवे वेल, मधूनमधून पट्ट्यापट्ट्यांची फळं, आणि त्यातून जाणारी पायवाट. मी अशा जागी पूर्वी कधी पळालो नव्हतो. इतरही कुणी पळालं नसावं.

दीड किलोमीटर झाला आणि बायकोचा पुण्याहून फोन आला. मुलाने माझ्या मनगटावर जे घड्याळ बांधलंय, त्यामुळे मी कुठे आहे ते तिला घरबसल्या दिसतं.

"अहो, तुम्ही पाण्यात आहात!"

"नाही गं, टरबुजात आहे."

"नकाशात तळ्याच्या मध्ये दिसताय. आधी बाहेर या."

"इथे पाणीच नाहीये."

"माझं माहेर आहे ते. मला सांगता तळ्यात पाणी नाही म्हणून?"

हे बोलताना माझं पायाखाली लक्ष नव्हतं. वरून सुकलेला गाळ आतून ओला होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, बूट निघाला नाही. टरबूज राखणाऱ्या आजींनी खुरपं आणून बूट खणून काढला, हातात तोलून बघितला, आणि एक टरबूज कापून समोर ठेवलं. त्या दिवशी अडीच किलोमीटर पळून मी दीड किलो टरबूज खाल्लं.

त्या संध्याकाळी दिगंबर मला संस्थेच्या बैठकीला घेऊन गेला. कॅनॉलवरच्या शेतकऱ्यांची पाणी वापर सहकारी संस्था आहे आणि दिगंबर तिचा चेअरमन. ऑफिस म्हणजे दूध डेअरीच्या मागची खोली, एक कपाट, आठ खुर्च्या. मला पाहुणा म्हणून चेअरमनच्या शेजारची मिळाली. एक खुर्ची रिकामी होती. तिचा हक्क असलेल्या संचालक कौसाक्का दाराशी पोत्यावर बसल्या होत्या. साठीच्या, अंगाने काटक. वर बसा म्हटलं तर म्हणाल्या, "खुर्चीत बसलं की माणूस फुडच्या तारखा द्यायला लागतो. मी हितं बरी हाय."

कौसाक्कांची तीनशे मोसंबीची झाडं कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला, अकराव्या किलोमीटरला. विहीर डिसेंबरातच आटलेली. यंदाच्या आधीच्या दोन्ही पाळ्यांत पाणी आठव्या किलोमीटरच्या पुढे गेलंच नव्हतं. वरच्या लोकांचं भिजवून झालं होतं, त्यामुळे ही शेवटची पाळी फक्त टोकाच्या लोकांची, असा ठराव झालेला. ठराव सगळ्यांनी हात वर करून केला होता.

"चेरमन," कौसाक्का म्हणाल्या, "सोमवारी करवतवाला येतोय. झाडं वाळून उभी ऱ्हाण्यापरीस लाकडाला तरी गेलेली बरी. रविवारपत्तर पाणी आलं तर त्याला माघारी धाडते. तुमी फकस्त सांगा, येतंय का न्हाई."

"सोडणार हाय अक्का, या आठवड्यात."

"सोडताल. मागल्या टायमाला बी सोडलंतं. येतंय का, ते इचारते."

दिगंबरने छताकडे बघितलं. घरी येताना त्याने मला गणित समजावलं. वरच्या सात-आठ किलोमीटरमध्ये घरोघरी काळे पाइप आहेत. विचारलं तर कुणाकडेच नाहीत. पाणी आलं की ते कडब्याच्या गंजीतून, माळ्यावरून बाहेर येतात, रात्रीतून कॅनॉल पितात आणि परत गंजीत जातात. "सगळे आपलेच लोक, दाजी. कुणाच्या गंजीत हात घालू?"

त्यानेच मागच्या वर्षी सगळ्यांसमोर कौसाक्काला शब्द दिला होता की टोकाला पाणी नेईन. यंदा नेता आलं नाही तर राजीनामा देईन म्हणाला. राजीनाम्याने झाडं कशी भिजणार, असं शांतावहिनींनी विचारलं, तेव्हा तो उठून अंगणात गेला.

गुरुवार: कॅनॉल

कॅनॉलचा रस्ता मात्र दिगंबरने सांगितला तसाच निघाला. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे कोरडं सिमेंटचं पात्र, आणि प्रत्येक किलोमीटरला दगड. शहरात यासाठी फलक लावावे लागतात. भरतीची तयारी करणारी गावातली पोरं सगळी डांबरी रस्त्यावर पळतात, इथे एकही नव्हतं. मला वाटलं, पोरांना सौंदर्यदृष्टी नाही.

दुसऱ्या दगडाजवळ दात घासत उभ्या असलेल्या एका माणसाने मला पाहिलं, एकदा कॅनॉलकडे पाहिलं आणि घराकडे धावत सुटला. माझ्यामुळे कुणाला पळायची इच्छा झाल्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. मी वेग वाढवला. तिसऱ्या दगडाशी दोन बायका हाका मारत शेताकडे पळाल्या. चौथ्यापासून मागे गलका ऐकू येऊ लागला. वळून पाहिलं तर तीन मोटारसायकली, एक बैलगाडी, तिच्यावर डिझेल इंजिन, आणि खांद्यावर अजगरासारखे काळे पाइप घेतलेली माणसं. पुण्यात शर्यतीच्या वेळी लोक दुतर्फा उभं राहून टाळ्या वाजवतात. इथली पद्धत जरा वेगळी असेल म्हणून मी हात हलवला.

आठव्या दगडाच्या थोडं अलीकडे एक धिप्पाड म्हातारे रस्त्यात आडवे उभे राहिले. पांढऱ्या मिशा, हातात पाइपचं तोंड. हे सोपान बप्पा.

"पाणी कुठवर आलंय?"

"कुठलं पाणी?" मी म्हणालो.

मागचे सगळे येऊन थांबले. बप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाणी न्हाई सुटलं?"

"नाही."

"मंग पळताय कावून?"

"तब्येतीसाठी."

मागच्यांनी खांद्यावरचे पाइप खाली ठेवले. इंजिन आणलेला बैलगाडीवाला बैलांना म्हणाला, "चला बे."

मग बप्पांनीच मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. कॅनॉलवर माणूस पळाला म्हणजे पाणी सुटलं. ज्याला पाणी पहिल्यांदा दिसतं तो आपल्या भावकीला सांगायला काठाने पळतो, आणि त्याला पळताना पाहून बाकीचे पळतात. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून असंच आहे. म्हणून भरतीची पोरंसुद्धा इथे येत नाहीत. एकदा एक आला होता, त्याला दोन वाड्यांनी शिव्या घातल्या. "तुमी जावाई हाय म्हणून काय बोलत न्हाई," ते म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर आणखी बरंच बोलले.

मी खाली मान घालून घरी आलो आणि दिगंबरला सगळं सांगितलं. माफी मागितली. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"पाइप घेऊन आलते? किती जण?"

"तेवीस पाइप मोजले मी."

"कुठल्या कुठल्या दगडाशी?"

मी आठवून सांगितलं. पळताना दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे असल्या गोष्टी माझ्या लक्षात राहतात. दिगंबर ऐकत राहिला. मग अगदी सहज म्हणाला, "दाजी, उद्या पळणार ना?"

"आता कोणत्या तोंडानं पळू?"

"डॉक्टरनं सांगितलंय ना? मंग. तब्येतीत हयगय करू नये."

माझ्या प्रकृतीची या घरात इतकी काळजी आहे, हे पाहून मला भरून आलं.

शुक्रवार, शनिवार

शुक्रवारी नऊ पाइप आले. सोबत शिव्या होत्या, पण थोड्या. शनिवारी एकच आला. तोही आणणारा निम्म्या वाटेतून मला ओळखून परत फिरला. पाचव्या दगडाशी शेळ्या सोडणाऱ्या एका बाईने घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, "बसा वो, ते पुण्याचं हाय."

जणू मी एखादं कुत्रं किंवा नवं वाहन असावं, अशा सुरात. मी त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. दोन दिवसांत लोकांना माझी सवय झाली, याचा उलट आनंद झाला. तो मी रात्री जेवताना बोलून दाखवला. शांतावहिनी ताटात धपाटं वाढत होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्यांना अजून कळलं न्हाई व्हय?"

"उद्या सांगतो," दिगंबर म्हणाला.

रविवार: पाणी

साडेपाचला मी बुटाच्या नाड्या बांधत होतो. दिगंबर समोर येऊन उकिडवा बसला.

"दाजी, आज जरा हळू पळा. मागून पाणी येतंय."

रज्जाकभाईंनी नुकतंच गेट उचललं होतं. दिवस कोणता, ते फक्त त्या दोघांना माहीत होतं. कोरड्या कॅनॉलमधून येणाऱ्या पाण्याच्या तोंडासोबत कुणीतरी असावं लागतं. पात्रात काटेरी फांद्या, कडबा, जुन्या चपला अडकलेल्या असतात. त्या काढल्या नाहीत तर पाणी तुंबून काठावर चढतं आणि सगळ्यांना कळतं. पण सोबतीला कुणी पळालं तरी सगळ्यांना कळतं. कुणालाही उठून न बसवता त्या रस्त्याने पळू शकेल असा माणूस अख्ख्या तालुक्यात आता एकच होता.

"पाणी फुडं सरकलं की मागून मी येतो, दोघा संचालकांना घेऊन. तुमी सांगितलेल्या दगडांशी उभं ऱ्हातो. चेरमन समोर उभा असल्यावर पाइप टाकायला लाजतेत लोक. पण तोंड पोचस्तोवर कुणाला कळता कामा नये. तोंड हितंच पिलं ना दाजी, तर अक्काची झाडं गेली."

मी आजवर बऱ्याच शर्यतींत भाग घेतला आहे. कुणीतरी माझ्या मागे असण्याचा हा पहिलाच प्रसंग.

पाण्याचं तोंड दिसायला अगदी गरीब असतं. वीतभर उंच, मातकट फेस, वर वाळका पाला आणि काटक्या, आणि भाकरी भाजताना तव्यावर होतो तसा बारीक आवाज. सिमेंटच्या भेगांतून शोषलं जाईपर्यंत घुटमळतं, मग पुढे सरकतं. माझ्या चालण्याहून हळू. त्यामुळे मला अर्धा किलोमीटर पुढे पळायचं, पात्रातलं साफ करायचं, मागे येऊन पाणी येतंय ना बघायचं, पुन्हा पुढे, असं करावं लागलं.

"आज दोन-दोनदा?" चौथ्या दगडाशी दात घासणाऱ्या एकाने विचारलं.

"डॉक्टरांनी वाढवून दिलंय," मी म्हणालो.

तो पुन्हा दात घासू लागला.

सहाव्या दगडाजवळ रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीत बाभळीच्या वाळक्या फांद्यांचा मोठा गुंता होता. मी आत उतरलो. निम्म्या फांद्या ओढून काढेपर्यंत मागून पाणी आलं, पोटऱ्यांपर्यंत चढलं. हाताला सगळीकडे काटे लागले, टी-शर्ट फाटला. शेवटची फांदी निघाली तेव्हा मोरीने मोठा ढेकर दिला आणि पाणी पुढे गेलं. मी वर चढलो आणि पुढे पळालो.

आठव्या दगडाच्या अलीकडे सोपान बप्पा काठावर बसून कडुलिंबाची काडी चावत होते. मी नेहमीसारखा हात केला. त्यांनीही केला. मी चार पावलं पुढे गेलो असेन.

"पाव्हणं."

थांबलो.

"पाय कशानं भिजलेत?"

त्या मार्चमध्ये त्या अकरा किलोमीटरच्या कॅनॉलवर पाय भिजण्यासारखं काही नव्हतं. बुटांतून पाणी गळत होतं, मुरमावर माझ्या पावलांचे ओले ठसे दूरवर उमटले होते. खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर बरं सुचलं असतं.

"घाम," मी म्हणालो.

बप्पा उठले. काठावर येऊन वाकून पाहिलं. वळणावरून तो मातकट फेस हळूहळू येत होता. त्यांचं घर पन्नास पावलांवर, आणि घराशेजारी कडब्याची उंच गंजी. दारात त्यांचा मोठा मुलगा आला.

"बप्पा, काय हाय तिकडं?"

पाणी आमच्या पायाखालून जात होतं. काडी तोंडातून काढून बप्पा मला हळू आवाजात म्हणाले, "कौसाच्या झाडाला अजून जीव हाय का?"

"उद्या करवतवाला येणार आहे. पाणी पोचलं तर परत पाठवणार म्हणाल्या."

"लाकूड बघायला त्यो माझ्याकडंबी येऊन गेला," बप्पा म्हणाले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "काय न्हाई रे! पुण्याचं पळतंय!"

मुलगा आत गेला. मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "जनावरं दोन दिस खारं पाणी पित्यात. बादलीनं घेतो. पाइपानं न्हाई. आन् बादल्या तुमी भरायच्या, माझी कंबर धरलीय."

माझ्याकडे त्या पाण्याचा कसलाच अधिकार नव्हता. देण्याचाही नाही, नाकारण्याचाही नाही. गोठ्यातल्या दोन बादल्या आल्या. मी काठ उतरून भरत होतो, बप्पा हौदात ओतत होते. हौद दिसत होता त्याहून खोल निघाला. तीस बादल्या झाल्यावर म्हशींनी तोंड वर काढलं. तोवर पाणी मला सोडून बरंच पुढे गेलं होतं.

त्यानंतरचे तीन किलोमीटर मी खरोखर पळालो. त्याआधी जे काही करत होतो त्याला दुसरं नाव शोधलं पाहिजे.

अकराव्या दगडाशी कौसाक्का खोरं घेऊन चारीच्या तोंडाशी उभ्या होत्या. चारी म्हणजे कॅनॉलमधून शेतात जाणारा पाट. पाणी माझ्या आधी पोचलं होतं; रविवारच्या आशेवर टोकाकडचं पात्र त्यांनी आधीच साफ करून ठेवलेलं. त्यांनी एका दणक्यात मातीचा बांध फोडला, पाणी आत वळलं, आणि पाटाने पलीकडच्या टोकाला जाऊन पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं. आळं इतकं तहानलेलं की पाणी दिसेचना, नुसते बुडबुडे. कौसाक्का झाडांकडे पाहत होत्या, पाण्याकडे नाही.

बाग पंधरा ओळींची, ओळीत वीस झाडं. त्यांनी सुरुवात पलीकडच्या टोकाकडून, नंतर लावलेल्या तरुण झाडांपासून केली. मी विचारलं, "जवळची आधी का नाही?"

"जवळची म्हातारी हायेत. म्या लगीन होऊन आले तवा लावलेली. त्यांनी दिलं त्यांचं," त्या म्हणाल्या आणि पुढचं आळं फोडलं.

दुपारी दिगंबर आला, उन्हाने काळा पडून. तोवर एकही पाइप पडला नव्हता. संध्याकाळी चारला रज्जाकभाईंचा फोन आला. तांबडी रेघ दिसली, गेट खाली घेतलं. कॅनॉलमध्ये होतं तेवढं पाणी पुढे येत राहिलं, मग बारीक झालं, मग पाटात पाल्यासकट थांबलं. अकरा ओळी भिजल्या होत्या. घराजवळच्या चार राहिल्या.

मला तीस बादल्या आठवत होत्या. मी त्या कौसाक्कांना सांगून टाकल्या. दिगंबरने माझ्याकडे असं पाहिलं, की जावई नसतो तर माझी खैर नव्हती.

"बादलीनं घेतलं?" कौसाक्कांनी विचारलं.

"हो."

"पाइप काढला न्हाई?"

"नाही. मुलाला काही नाही म्हणून सांगितलं."

त्या खोऱ्याचं पातं अंगठ्याने पुसत राहिल्या. "सोपानदादानं सात वर्सात पयल्यांदा बादलीनं घेतलं," एवढंच म्हणाल्या.

सोमवार: निघताना

माझी गाडी परळीहून दुपारची होती. सकाळी दिगंबर म्हणाला, अक्काकडे जाऊन येऊ. आम्ही पोचलो तेव्हा करवतवाला ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आलेला होता. कौसाक्का त्याला बागेत घेऊन गेल्या. ओली माती जिथे संपत होती तिथे त्यांनी टाचेने एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता.

"हितून तिकडं हात लावायचा न्हाई."

तो कोरड्या ओळींकडे गेला. पहिल्या झाडाला करवत लागली तेव्हा कौसाक्का घरात जाऊन बसल्या. तिसरी ओळ होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. नंतर आल्या त्या डोक्याला पदर घट्ट बांधून, आणि पडलेल्या फांद्या बाजूला ओढायला लागल्या. मी आणि दिगंबरही ओढायला लागलो. मोसंबीच्या लाकडाचा वास गोड असतो, हे मला तिथे कळलं. कळलं नसतं तरी चाललं असतं.

काम झाल्यावर करवतवाल्याने ट्रॉलीकडे बघितलं, मग टाचेच्या रेघेपलीकडच्या ओळीकडे. "अक्का, कडेची एक ओळ आनखी घेऊ का? तशीबी निब्बर दिसती. गाडी भरंना माझी."

"अर्धीच गाडी ने," कौसाक्का म्हणाल्या.

परळीच्या रस्त्यावर आम्हाला ती ट्रॉली पुन्हा भेटली. दिगंबरने मोटारसायकल कडेला घेऊन तिला पुढे जाऊ दिलं. मागचा निम्मा भाग रिकामा होता, खड्ड्यात गेली की फळ्या वाजायच्या. ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग किक मारली, आणि स्टेशन येईपर्यंत मोठमोठ्याने गाणं म्हणत होता. त्याला गाता येत नाही. मी मागे बसून ऐकत होतो.